अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये ‘कॉपी’ आणि ‘पेस्ट’ कसं घालायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या घरातल्या पाककृतींची जुनी वही मी एका छोट्या अ‍ॅपमध्ये उतरवली आणि घरातल्या सगळ्यांना दिली. सांगलीच्या आत्याने पहिल्याच दिवशी थालीपिठाच्या भाजणीचं पान उघडलं. तिला सामानाची यादी किराणा दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची होती. तिने यादीवर बोट दाबून धरलं, काहीच झालं नाही. शेवटी तिने फोनमध्ये बघून सगळं सामान कागदावर लिहून काढलं, त्या कागदाचा फोटो घेतला आणि तो दुकानदाराला पाठवला. मग मला फोन केला, “अगं, फोनात आलेलं परत कागदावर का उतरवायचं?”

त्या दिवशी मी कॉपी-पेस्ट घालायला बसले. मजकूर क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं फोन जिथे तात्पुरतं ठेवतो तिथे, ठेवणारा कोड जेमतेम तीन ओळींचा आहे, पण सगळं धड चालायला मला दोन आठवडे लागले. तो वेळ कुठे गेला आणि तुमचा कसा वाचेल, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. उदाहरण माझ्याच पाककृतींच्या अ‍ॅपचं आणि भाषा कोटलिन. क्लास आणि फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. अँड्रॉइड स्टुडिओत त्यांची पहिली चार-पाच अक्षरं रोमनमध्ये टाइप केलीत की पूर्ण नाव समोर येतं.

हाताशी काय हवं

- अँड्रॉइड स्टुडिओ, आणि किमान एक पडदा तयार असलेला तुमचा प्रकल्प.
- दोन फोन: एक अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढचा, एक १२ किंवा त्याआधीचा. दुसरा फोन नसेल तर एम्युलेटर, म्हणजे संगणकावरचा नकली फोन, चालेल, पण दोन्ही आवृत्त्यांवर बघायलाच हवं. कारण पायरी ४ मध्ये कळेल.
- फोनवर मराठी कीबोर्ड, आणि एकदा तरी फोनची भाषा मराठी करून बघण्याची तयारी.
- चाचणीसाठी पाच-सहा मजकूर: एक ओळ, मोठी पाककृती, व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेले दोन-तीन निरोप, वेबपानावरून उचललेला ठळक अक्षरांचा मजकूर, मराठी आकडे, आणि भरपूर जोडाक्षरं असलेलं एखादं वाक्य.

मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे परवानग्या जिथे लिहितात त्या फाइलमध्ये, क्लिपबोर्डसाठी कोणतीही परवानगी लिहावी लागत नाही. ती शोधत मी एक संध्याकाळ घालवली, तुम्ही घालवू नका.

## १. आधी बघा, फुकट काय मिळतंय

कॉपी-पेस्टचा मेनू लिहायला घेण्याआधी प्रत्येक पडद्यावर जाऊन स्वतःला विचारा: इथे लोकांना नेमकं काय उचलायचं असेल आणि काय टाकायचं असेल?

जिथे टाइप करायची चौकट आहे, म्हणजे एडिटटेक्स्ट, तिथे तुम्हाला काहीच करायचं नाही. बोट दाबून धरलं की कट, कॉपी, पेस्ट आणि ‘सर्व निवडा’ हे सगळं अँड्रॉइड स्वतःच दाखवतं.

नुसता वाचायचा मजकूर असेल, म्हणजे टेक्स्टव्ह्यू, तर तो मुळात निवडता येत नाही. आत्याची अडचण हीच होती. लेआउटच्या फाइलमध्ये त्या टेक्स्टव्ह्यूला ‘टेक्स्टइजसिलेक्टेबल’ हा गुण ‘ट्रू’ करा, एवढ्यावर निम्मं काम होतं. लेआउटच्या फाइलऐवजी जेटपॅक कंपोज (पडदे कोडमधूनच मांडायची पद्धत) वापरत असाल तर मजकूर ‘सिलेक्शनकंटेनर’मध्ये गुंडाळा. त्यातला एखादा भाग निवडीतून वगळायचा असेल तर तो ‘डिसेबलसिलेक्शन’मध्ये ठेवा.

सापळा: यादीतल्या ओळींना हा गुण लावू नका. निवडता येणारा टेक्स्टव्ह्यू बोटाचा स्पर्श स्वतःकडे घेतो, म्हणून ओळीवर टिचकी मारली तरी पुढचं पान उघडत नाही. माझ्या अ‍ॅपमध्ये पाककृतींची यादीच बंद पडल्यासारखी झाली होती आणि मी भलत्याच ठिकाणी चूक शोधत होते. निवडता येणारा मजकूर आतल्या पानावर ठेवा. यादीतल्या ओळीसाठी पायरी ६ बघा.

एवढं झाल्यावर जे उरतं त्यासाठी मेनू. माझ्याकडे दोन कामं उरली: सामानाची अख्खी यादी एका टिचकीत कॉपी करणं, आणि कोणी पाठवलेली पाककृती नव्या पानात पेस्ट करणं. थरथरणाऱ्या बोटांनी निवडीचे ते दोन बारीक ठोकळे ओढत वीस ओळी निवडणं किती अवघड असतं, हे घरातल्या मोठ्या माणसांकडे बघून कळतं. मेनूतला आयता पर्याय त्यांच्यासाठी आहे.

## २. मेनूची फाइल आणि त्यातले शब्द

‘रेस’ फोल्डरवर उजवी टिचकी मारा, नवी अँड्रॉइड रिसोर्स फाइल घ्या आणि प्रकार ‘मेनू’ निवडा. तयार झालेल्या फाइलमध्ये प्रत्येक पर्यायासाठी एक ‘आयटम’ लिहायचा. त्याला ओळख म्हणजे आयडी, शीर्षक, हवं तर आयकॉन, आणि ‘शोअ‍ॅजअ‍ॅक्शन’ द्यायचं. ‘इफरूम’ म्हटलं तर जागा असेल तेव्हा आयकॉन टूलबारवर दिसतो, ‘नेव्हर’ म्हटलं तर पर्याय तीन ठिपक्यांच्या आत जातो.

सापळा: अ‍ॅपकॉम्पॅट (जुन्या आवृत्त्यांवरही चालणारी गूगलची मदत-लायब्ररी) वापरत असाल तर ‘शोअ‍ॅजअ‍ॅक्शन’च्या आधी ‘अँड्रॉइड’ हा उपसर्ग चालत नाही, ‘अ‍ॅप’ लावावा लागतो. चुकीचा उपसर्ग लावला तर अ‍ॅप कोसळत नाही. आयकॉन मात्र टूलबारवर येत नाही आणि सगळं तीन ठिपक्यांत जाऊन बसतं.

आता शब्द. नुसतं ‘कॉपी’ आणि ‘पेस्ट’ पुरत असेल तर स्वतः लिहू नका. अँड्रॉइडच्या स्वतःच्या शब्दसंग्रहात ‘कॉपी’, ‘पेस्ट’, ‘कट’ आणि ‘सिलेक्टऑल’ तयार आहेत. शीर्षकात ‘अँड्रॉइड’चा स्ट्रिंग म्हणून त्यांचा उल्लेख केलात की ज्याचा फोन मराठीत त्याला ‘कॉपी करा’, ज्याचा कन्नडमध्ये त्याला कन्नड शब्द दिसतो. भाषांतराचं काम वाचतं आणि फोनभर एकच शब्द राहतो.

टूलबारवरच्या आयकॉनला मात्र नुसतं ‘कॉपी करा’ अपुरं आहे. कॉपी काय होणार? सामान, कृती की दोन्ही? म्हणून मी तिथे ‘सामान कॉपी करा’ आणि ‘पाककृती पेस्ट करा’ असं लिहिलं. हे शब्द मूळ स्ट्रिंग फाइलमध्ये आणि मराठीसाठी ‘व्हॅल्यूज-एमआर’ फोल्डरमधल्या स्ट्रिंग फाइलमध्ये ठेवा. टॉकबॅक वापरणाऱ्या दृष्टिहीन माणसाला आयकॉनच्या जागी हेच शीर्षक ऐकू येतं, तेव्हा आयकॉन असला तरी शीर्षक रिकामं ठेवू नका.

‘प्रत घ्या’ आणि ‘चिकटवा’ असे शब्द वापरायचा मोह मलाही झाला होता. मराठीवर माझं प्रेम आहे, पण फोन सगळीकडे ‘कॉपी करा’, ‘पेस्ट करा’ म्हणत असताना माझ्या एका अ‍ॅपने वेगळं बोललं तर अडखळणार आत्याच. गंमत अशी की ‘चिकटवणं’ हाच मूळ अर्थ आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा मजकूर-संपादक तयार केला. छापखान्याच्या मजकुरावर काम करणारे संपादक तेव्हा कागद कात्रीने कापून डिंकाने चिकटवत. त्यांचीच रीत आणि तेच शब्द पडद्यावर आले.

## ३. मेनू पडद्यावर आणा

अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये ‘ऑनक्रिएटऑप्शन्समेनू’ हे फंक्शन लिहा, त्यात ‘मेनूइन्फ्लेटर’ला तुमची मेनूची फाइल द्या आणि ‘ट्रू’ परत करा. टिचकी कुठे पडली ते ‘ऑनऑप्शन्सआयटमसिलेक्टेड’मध्ये आयडी बघून ओळखायचं. जे काम तुम्ही केलं तिथे ‘ट्रू’, बाकीचं मूळ क्लासकडे सोपवायचं.

अ‍ॅप चालवल्यावर मेनू दिसलाच नाही तर घाबरू नका. नव्याने सुरू केलेल्या बहुतेकांचं इथेच अडतं. थीमच्या नावात ‘नोअ‍ॅक्शनबार’ असेल तर वर पट्टीच नसते, मग मेनू बसणार कुठे? लेआउटमध्ये टूलबार ठेवा आणि ‘ऑनक्रिएट’मध्ये ‘सेटसपोर्टअ‍ॅक्शनबार’ला तो द्या.

फ्रॅगमेंटमध्ये, म्हणजे पडद्याच्या वेगळ्या सांभाळल्या जाणाऱ्या भागात, काम करत असाल तर जुन्या धड्यांत ‘सेटहॅजऑप्शन्समेनू’ सापडेल. ती पद्धत आता बाद ठरवली आहे. ‘मेनूप्रोव्हायडर’ वापरा आणि तो जोडताना ‘व्ह्यूलाइफसायकलओनर’ आणि ‘रिझ्यूम्ड’ ही अवस्था नक्की द्या. ती दिली नाही तर फ्रॅगमेंट गेल्यावरही मेनू मागे राहतो आणि परत आल्यावर तेच पर्याय दोनदा दिसतात.

## ४. कॉपी

क्रम असा:

1. ‘गेटसिस्टमसर्व्हिस’कडून ‘क्लिपबोर्डमॅनेजर’ मागा.
2. ‘क्लिपडेटा’च्या ‘न्यूप्लेनटेक्स्ट’ला दोन गोष्टी द्या: एक छोटं नाव आणि खुद्द मजकूर.
3. तयार झालेला क्लिपडेटा ‘सेटप्रायमरीक्लिप’ने क्लिपबोर्डवर ठेवा.

सापळा: इम्पोर्ट करताना अँड्रॉइड स्टुडिओ दोन ‘क्लिपबोर्डमॅनेजर’ समोर ठेवतो. ‘अँड्रॉइड डॉट टेक्स्ट’मधला फार जुना, बाद झालेला आहे. तुम्हाला ‘अँड्रॉइड डॉट कन्टेन्ट’मधला हवा, जो २०११च्या हनीकोम्ब म्हणजे अँड्रॉइड ३ पासून आहे.

मजकूर कुठून घ्यायचा, याचा थोडा विचार करा. पडद्यावरच्या टेक्स्टव्ह्यूमधून उचलण्याऐवजी मूळ माहितीतून तो नव्याने जुळवा. माझ्या पानावर सामान आणि प्रमाण दोन वेगळ्या स्तंभांत होतं. पडद्यावरून उचललं तर आधी सगळी नावं आणि मग सगळी प्रमाणं अशी यादी आली. दुकानदाराला ‘ज्वारी – ४ वाट्या’, खाली ‘हरभरा डाळ – १ वाटी’ असं एकाखाली एक हवं असतं. वर पाककृतीचं नाव, मग एक रिकामी ओळ, मग सामान. कॉपी केलेला मजकूर कुठे जाऊन पडणार आहे, ते डोळ्यांसमोर ठेवून तो जुळवा.

आता दोन फोन का लागतात ते. अँड्रॉइड १३ पासून काहीही कॉपी केलं की फोन स्वतःच खालच्या कोपऱ्यात त्याची छोटी झलक दाखवतो. त्यावर तुम्ही ‘कॉपी झालं’ असा टोस्टही (क्षणभर दिसणारी सूचना) दाखवलात तर एकाच गोष्टीच्या दोन सूचना एकावर एक येतात. अँड्रॉइड १२ आणि त्याआधी फोन काहीच सांगत नाही. तिथे तुम्ही सांगितलं नाहीत तर माणूस चार वेळा बटण दाबत राहतो. म्हणून फोनची आवृत्ती तपासा: एपीआय ३२ (अँड्रॉइड १२ पर्यंतचा क्रमांक) किंवा कमी असेल तरच टोस्ट किंवा स्नॅकबार (खाली येणारी, बटण ठेवता येणारी पट्टी) दाखवा.

ही झलक एका बाबतीत घातकही आहे. तुमच्या अ‍ॅपमधून पासवर्ड, ओटीपी किंवा खाते क्रमांक कॉपी होत असेल तर तो शेजारी बसलेल्यालाही दिसेल. अशा वेळी क्लिपडेटाच्या वर्णनाला ‘एक्स्ट्रा इज सेन्सिटिव्ह’ हा झेंडा ‘ट्रू’ करून जोडा, म्हणजे झलकेत मजकूर झाकला जातो. हे ‘सेटप्रायमरीक्लिप’च्या आधी करायचं.

आणि मोठ्या मजकुराबद्दल. उत्साहाच्या भरात मी ‘सगळ्या पाककृती कॉपी करा’ असा पर्याय ठेवला होता. क्लिपबोर्डवरचा मजकूर एका प्रक्रियेतून दुसरीकडे बाइंडर या अँड्रॉइडच्या अंतर्गत वाहकामार्फत जातो आणि बाइंडरची जागा प्रत्येक प्रक्रियेला साधारण १ एमबी एवढीच असते. ती ओलांडली की ‘ट्रान्झॅक्शनटूलार्ज’ अशी चूक येऊन अ‍ॅप बंद पडतं. तेवढा मोठा ऐवज द्यायचा असेल तर फाइल करून ‘शेअर’ने पाठवा. फोटोसुद्धा थेट क्लिपबोर्डवर ठेवायचा नसतो. त्याचा पत्ता म्हणजे यूआरआय ठेवायचा.

## ५. पेस्ट

कॉपीत आपण आपली वस्तू बाहेर ठेवतो. पेस्टमध्ये दुसऱ्याच्या खिशात हात घालतो. क्लिपबोर्डवर कोणाचा पासवर्ड असेल, कोणाच्या तपासणीचा अहवाल असेल. म्हणून माझा पक्का नियम आहे, आणि तो तुम्हीही पाळावा अशी कळकळीची विनंती: माणसाने ‘पेस्ट’ दाबल्याशिवाय क्लिपबोर्ड वाचायचा नाही. अ‍ॅप उघडताच ‘बघू तरी पाककृती आहे का’ म्हणून डोकावायचं नाही.

फोनही आता या बाबतीत कडक झाले आहेत. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून ज्या अ‍ॅपवर सध्या लक्ष नाही त्याला क्लिपबोर्ड वाचताच येत नाही. अपवाद फोनच्या मुख्य कीबोर्डचा. अँड्रॉइड १२ पासून दुसऱ्या अ‍ॅपमधून आलेला मजकूर तुम्ही वाचलात की फोन पडद्यावर तसं जाहीर करतो. माणसाने काहीच दाबलेलं नसताना ती सूचना आली तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास उडेल, आणि ते योग्यच आहे.

मग ‘पेस्ट’चं बटण कधी चालू ठेवायचं आणि कधी फिकट, हे मजकूर न वाचता कसं कळणार? त्यासाठी ‘हॅजप्रायमरीक्लिप’ आणि ‘प्रायमरीक्लिपडिस्क्रिप्शन’ आहेत. दुसऱ्यातून फक्त वर्णन मिळतं: मजकूर आहे की चित्र, एवढंच. त्याच्या ‘हॅजमाइमटाइप’ला ‘टेक्स्ट’ गटाबद्दल विचारा. वर्णन वाचल्याने फोनची ती सूचना येत नाही.

ही तपासणी ‘ऑनप्रिपेअरऑप्शन्समेनू’मध्ये करा.

सापळा, आणि माझे तीन दिवस खाल्लेला: मी ‘ऑनरिझ्यूम’मध्ये तपासत होते. व्हॉट्सअ‍ॅपमधून कॉपी करून परत आलं की बटण फिकटच. अँड्रॉइड ९ च्या जुन्या फोनवर तोच कोड नीट चालायचा. कारण असं की ‘ऑनरिझ्यूम’ येतं तेव्हा खिडकीला अजून फोकस मिळालेला नसतो, आणि अँड्रॉइड १० नंतर फोकस नसेल तर क्लिपबोर्ड रिकामाच दिसतो. ‘ऑनविंडोफोकसचेंज्ड’ हे फंक्शन लिहा, त्यात फोकस आला असेल तेव्हा ‘इनव्हॅलिडेटऑप्शन्समेनू’ म्हणा. मेनू नव्याने तपासला जातो आणि बटण जिवंत होतं.

बटण दाबल्यावर:

1. ‘प्रायमरीक्लिप’ घ्या. ती ‘नल’ म्हणजे रिकामी असू शकते, तसं गृहीत धरूनच लिहा. अँड्रॉइड १३ थोड्या वेळाने क्लिपबोर्ड आपोआप पुसूनही टाकतो.
2. पहिला आयटम घ्या आणि त्यावर ‘कोअर्सटूटेक्स्ट’ चालवा. नुसतं ‘टेक्स्ट’ मागितलंत तर यूआरआय असताना हाती काहीच येत नाही.
3. साधा मजकूर हवा असेल तर ‘टूस्ट्रिंग’ करा. वेबपानावरून आलेली ठळक अक्षरं आणि रंग तिथेच गळतात.
4. कर्सरच्या जागी घाला.

या यादीतल्या चौथ्या कामात दोन खाचखळगे आहेत. चौकटीत कर्सरच नसेल तर ‘सिलेक्शनस्टार्ट’ उणे एक येतो आणि तो तसाच वापरला तर अ‍ॅप कोसळतं. अशा वेळी मजकूर शेवटी जोडा. दुसरं, कोणी उजवीकडून डावीकडे ओढत निवड केली तर ‘सिलेक्शनस्टार्ट’ हा ‘सिलेक्शनएंड’पेक्षा मोठा असू शकतो. म्हणून दोन्हींतला लहान आधी आणि मोठा नंतर असं करूनच ‘रिप्लेस’ला द्या.

आधी लिहिलेलं पुसून त्यावर पेस्ट करू नका. तसं करावंच लागत असेल तर स्नॅकबारमध्ये ‘पूर्ववत करा’ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या मजकुराबद्दल खास. एकच निरोप कॉपी केला तर फक्त त्याचा मजकूर येतो. दोन-तीन निरोप एकत्र निवडून कॉपी केले तर प्रत्येकाच्या आधी चौकोनी कंसात तारीख-वेळ आणि पुढे पाठवणाऱ्याचं नाव येतं. आमच्या घरात पाककृती एका निरोपात कधीच येत नाही. सामान एकात, कृती दुसऱ्यात, आणि ‘हिंग विसरले’ तिसऱ्यात. मी नमुना ओळखून ती तारीख आणि नावं काढून टाकते, पण थेट साठवत नाही. साफ केलेला मजकूर आधी दाखवते आणि ‘ठीक आहे’ दाबल्यावरच पानात घालते. आपला अंदाज चुकला तर माणसाला तो दिसायला हवा.

## ६. बोट दाबून धरल्यावर येणारा मेनू

यादीतल्या ओळीसाठी ‘रजिस्टरफॉरकॉन्टेक्स्टमेनू’ वापरून बोट दाबून धरल्यावर ‘नाव कॉपी करा’, ‘सामान कॉपी करा’ असे दोन पर्याय दाखवता येतात. पद्धत पायरी ३ सारखीच, फक्त फंक्शन ‘ऑनक्रिएटकॉन्टेक्स्टमेनू’. लोकांना दाबून धरायचं सुचेलच असं नाही, तेव्हा तेच पर्याय आतल्या पानाच्या टूलबारवरही ठेवा.

निवडलेल्या मजकुरावर तरंगणारी जी पट्टी येते ती २०१५च्या अँड्रॉइड ६ पासून आहे. तिच्यात स्वतःचा पर्याय घालायचा तर टेक्स्टव्ह्यूला ‘कस्टमसिलेक्शनअ‍ॅक्शनमोडकॉलबॅक’ द्या आणि ‘ऑनक्रिएटअ‍ॅक्शनमोड’मध्ये मेनूला आयटम जोडा. काम झाल्यावर ‘फिनिश’ म्हणून पट्टी मिटवा. मेनू ‘क्लिअर’ करून मग आपला आयटम घालू नका, कारण फोनचं मूळ ‘कॉपी’ही त्यात जातं. काही जण मुद्दाम हेच करतात, मजकूर कोणी उचलू नये म्हणून. ज्याला उचलायचा आहे तो पडद्याचा फोटो घेतोच. अडतो तो आत्यासारखा माणूस.

## ७. मराठी मजकुराची काळजी

इंग्रजीतले धडे वाचून ही पायरी कळत नाही आणि आपल्या वाचकांना सगळ्यात जास्त त्रास इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जोडाक्षर मधेच तुटणं. मी पाककृतीच्या नावाला ‘मॅक्सलेंग्थ’ २५ दिली होती. ‘ज्वारीच्या पिठाच्या धपाट्या’ पेस्ट केलं आणि चौकटीत ‘ज्वारीच्या पिठाच्या धपाट्’ एवढंच उरलं. आपण ‘ट्या’ एक अक्षर मानतो, पण संगणक ट, हलन्त, य आणि काना असे चार मोजतो. नुसती ‘स्त्री’ त्याच्या हिशेबात सहा आहे. ‘मॅक्सलेंग्थ’ला हे काही कळत नाही, पंचविसाव्यावर कापलं की कापलं.

‘ब्रेकइटरेटर’ (अक्षराची सीमा कुठे ते सांगणारा क्लास) वापरा असा सल्ला तुम्हाला मिळेल. अँड्रॉइड ७ पासून तो ‘आयसीयू’ या युनिकोडच्या लायब्ररीच्या रूपात फोनवर आहे आणि काना-वेलांटी तो तोडत नाही. पण देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकात २०२३च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या फोनवर तो हलन्तानंतर तुकडा पाडू देतो, म्हणजे ‘धपाट्’ त्याला चालतं. कापणं भागच असेल तर कापल्यावर शेवटी हलन्त उरला आहे का ते बघा आणि असेल तर अक्षर सुरू होतं तिथपर्यंत मागे या.

माझा सल्ला वेगळा आहे: पेस्ट केलेला मजकूर कापूच नका. ‘टेक्स्टइनपुटलेआउट’चा ‘काउंटरमॅक्सलेंग्थ’ वापरा. तो मर्यादा ओलांडल्याचं लाल रंगात दाखवतो, कापत काही नाही. साठवताना माणसालाच नाव छोटं करायला सांगा.

अदृश्य चिन्हं. पेस्ट केलेल्या मजकुरातली न दिसणारी चिन्हं काढून टाकणारा कोड बऱ्याच ठिकाणी तयार मिळतो. तो आंधळेपणाने वापरू नका. आपला ‘दुसर्‍या’मधला अर्धा र काही कीबोर्ड र, हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाच्या अदृश्य चिन्हाने लिहितात. ते चिन्ह काढलं की ‘दुसर्‍या’चा ‘दुसर्या’ होतो, र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. माझ्या अ‍ॅपमध्ये ‘सुर्‍या’, ‘दोर्‍या’, ‘पुर्‍या’ सगळ्यांचं हे झालं होतं. दुसऱ्या पद्धतीत हाच अर्धा र ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने लिहितात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला निरनिराळे, त्यामुळे शोध घेताना ‘पुऱ्या’ लिहिलं तर ‘पुर्‍या’ सापडत नाहीत. शोधासाठी दोन्ही एका रूपात आणा, पण माणसाचा मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवा.

मराठी आकडे. चौकटीचा ‘इनपुटटाइप’ ‘नंबर’ असेल तर पेस्ट करताना न बसणारी अक्षरं गाळली जातात, आणि ‘१५०’सारखे देवनागरी आकडेही अनेकदा त्यातच जातात. कोटलिनच्या ‘टूइंटऑरनल’ला मात्र देवनागरी आकडे समजतात. म्हणून ‘पेस्ट’च्या फंक्शनमध्ये आधी आकडा ओळखून मग चौकटीत घालणं सोपं पडतं.

जुन्या फॉन्टचा मजकूर. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमधून कॉपी केलं तर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. ती तुमच्या अ‍ॅपची चूक नाही आणि पेस्ट करताना दुरुस्तही होत नाही. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, असा निरोप दाखवा.

## ८. आयफोनवरही करायचं असेल तर

तत्त्व तेच, नावं वेगळी. क्लिपबोर्ड म्हणजे ‘यूआयपेस्टबोर्ड’. जुन्या धड्यांतला ‘यूआयमेनूकंट्रोलर’ आयओएस १६ पासून बाद, त्याच्या जागी ‘यूआयएडिटमेनूइंटरॅक्शन’. आयओएस १६ मध्ये तुमचा कोड स्वतःहून क्लिपबोर्ड वाचायला गेला तर फोन माणसाची परवानगी विचारतो. ‘यूआयपेस्टकंट्रोल’ हे तयार बटण ठेवलंत तर ती चौकट येत नाही, कारण माणसाने स्वतः दाबलेलं असतं.

## ९. देण्याआधी ही तपासणी करा

- फोन मराठीत करा. मेनूतले सगळे शब्द मराठीत आहेत ना? लांब शीर्षक कापलं जातंय का?
- अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून बघा.
- व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कॉपी करा, अ‍ॅपमध्ये या. ‘पेस्ट’ लगेच जिवंत होतं का?
- क्लिपबोर्डवर फोटो असताना ‘पेस्ट’ फिकट आहे का?
- अँड्रॉइड १२ च्या फोनवर अ‍ॅप नुसतं उघडा. क्लिपबोर्ड वाचल्याची सूचना आली तर कुठेतरी तुम्ही न विचारता वाचताय, ते शोधून काढा.
- पेस्ट केल्यावर फोन आडवा करा. मजकूर टिकतो का?
- ‘पुर्‍या’ आणि ‘पुऱ्या’ दोन्ही पेस्ट करून बघा.
- टॉकबॅक चालू करून डोळे मिटा आणि सामान कॉपी करून दाखवा.

नवी आवृत्ती मी आत्याला पाठवली आणि काही न सांगता तिच्या शेजारी बसले. तिने भाजणीचं पान उघडलं, ‘सामान कॉपी करा’ दाबलं, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये गेली, दाबून धरलं, पेस्ट केलं. मग शेवटी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘धणे जरा चांगले द्या.’